तिसरं पातं

ताडकळसच्या बाजाराचा दिवस, आणि बाजारात चिटपाखरू नव्हतं. वांगी पाट्यांत सुकत पडली होती, मिरचीवाल्या बाया पोती झाकून कधीच उठून गेल्या होत्या. सारं गाव, आसपासच्या वाड्यांसकट, पूर्णेच्या रस्त्यावरच्या मन्मथअप्पाच्या लाकूड कापायच्या आरामशीनीपुढं लोटलं होतं. नामांतराच्या घोषणांवर चुना फासलेल्या भिंतीवर माणसं ओळीनं बसली होती, आणि एस.टी.चा ड्रायव्हरसुद्धा उतारूंना उन्हात टाकून टपावर चढला होता. चमत्कार फुकटात बघायला मिळत असेल तर आपल्याकडं वेळेची कधी टंचाई पडलेली नाही.

मशीनीपुढं चंद्रभान भगत उभा होता. अंगात काळा सदरा, गळ्यात कवड्या, डोळ्यांत काजळ. त्यानं आऱ्याच्या कोऱ्या पात्याला शेंदूर लावला, लिंबू उतरवलं आणि पात्यावर तीनदा फुंकर मारली. एक हात मशीनीच्या खांबावर ठेवून तो म्हणाला, "बांधलं. आता ह्या पात्याला सात जल्म धार जाणार न्हाई. चालवा."

बटण दाबलं. वर एक लोखंडी चाक, खाली एक, आणि दोन्हींवर माळेसारखं गरगर फिरणारं ते दातेरी पातं. समोर रुळावर ट्रॉली, ट्रॉलीवर बाभळीचा ओंडका. पूर्णेहून आणलेल्या नव्या मिस्त्रीनं भीतभीतच ट्रॉली ढकलली. खरबुजात विळा जावा तसं पातं लाकडात शिरलं आणि पलीकडून निघालं. फळी खाली पडली. लोकांनी हात जोडले, काहींनी तिथंच भुश्यात लोटांगण घातलं.

आता चमत्कार म्हणायचा तर होताच. याच बाभळीवर आधीची दोन नवी पाती मोडली होती. दुसऱ्यानं तर माणूस घेतला होता.

त्या माणसाची बायको, कडूबाई, गर्दीच्या पुढं बसली होती. मयताचं माणूस हजर पाहिजे असा भगताचा हुकूम होता, म्हणून तेरावं उरकताच तिला आणून बसवलं होतं. मांडीवर सहा वर्षांची कस्तुरा. साऱ्यांनी हात जोडले, कडूबाईनं जोडले नाहीत. तिचा भगतावर विश्वास नव्हता असं नाही. तिचा होता तेवढा कुणाचाच नव्हता, आणि तेच तर सगळं दुखणं होतं.

झालं होतं ते असं. मन्मथअप्पा व्यवहाराला चोख माणूस. नेहमीची पाती लवकर बोथट होतात म्हणून त्यानं नांदेडच्या एका नव्या दुकानातून तीन पाती आणली. टिकली तर पुढं हीच वापरायची, असा विचार. पारखायचं काम किशनराव मिस्त्रीकडं, म्हणजे कडूबाईच्या नवऱ्याकडं. आणि पारखायला लाकूड आलं ते बायनाबाईच्या बांधावरच्या जुन्या बाभळीचं.

बायनाबाई एकटी, विधवा, पोटी काही नाही. शेत पुतण्या व्यंकटराव करायचा आणि म्हातारी कधी डोळे मिटते याची वाट बघायचा. बाभूळ त्यानंच परस्पर विकली. तोडायला माणसं आली तेव्हा बायनाबाई बुंध्याला पाठ लावून बसली आणि म्हणाली, हिला तोडील त्याचं भलं व्हणार न्हाई. दुपारची भाकर ती त्या सावलीला खायची, म्हणून तिचा जीव तुटत होता, दुसरं काही नाही. पण बोललेलं वाक्य गावात राहिलं. चंद्रभान भगतही त्या दिवशी तिथं आला होता. ही बाभूळ आऱ्याखाली घालू नका, ही आरा खाईल, जाळून टाका, असं त्यानं तोडणाऱ्यांना बजावलं होतं. तेही गावात राहिलं.

पहिलं पातं बुडख्याच्या, म्हणजे बुंध्याकडच्या, ओंडक्यावर मोडलं. कुणाला लागलं नाही. किशनराव मोडका तुकडा घरी घेऊन आला आणि जेवताना चिमणीच्या उजेडात तो फिरवून फिरवून बघत बसला.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "पात्याचा जोड शाबूत हाय. दात एकाच जागी भुंडे झालेत. लाकडात लोखंड असल्याबिगर असं व्हत न्हाई. तुला काई ठावं हाय का त्या झाडाचं? बाया जायच्या म्हणं तिकडं."

कडूबाईनं तव्यावरची भाकर उलटली.

तिला ठाऊक होतं. कस्तुरा दोन वर्षांची असताना ताप चढला की तिला आकडी यायची. हातपाय वाकडे, डोळे पांढरे, तोंडाला फेस. भगतानं माय-लेकीला अवसेच्या दिवशी त्या बाभळीपाशी नेलं. पोरीचे केस लिंबात खुपसले, लिंबातून हा लांब खिळा घातला आणि खोडात ठोकून दिला. वर म्हणाला, "पीडा खिळली. आता ह्या खिळ्याचं नाव काढायचं न्हाई. नवऱ्यापशी न्हाई, मायपशी न्हाई. तोंडातून सबूद सुटला की खिळा सुटला, अन् खिळा सुटला की लेकरू गेलं." आकडी त्यानंतरही दोन-चारदा आली. भगत म्हणाला, पीडा मुरायलीय. मग वर्ष-दीड वर्षानं ती थांबली. खिळ्यानं थांबली, याबद्दल कडूबाईच्या मनात तीळभर शंका नव्हती.

म्हणून ती नवऱ्याला म्हणाली, "मला काय ठावं," आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. झाड तोडलं तरी खिळा खोडातच होता, पोर धडधाकट होती. तिनं एवढंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी किशनरावानं ओंडक्याची साल हातानं चाचपली, हातोडीनं वाजवून बघितली. खिळ्यावर केव्हाच साल चढलेली, त्याला काही सापडलं नाही. अप्पाला घाई होती, गाड्याच्या चाकांसाठी सुतार खोळंबले होते. दुसरं पातं चढवलं, ओंडका अर्धा कापला गेला, आणि मोठा आवाज झाला. किशनराव गळा धरून भुश्यात बसला. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत त्याचं सगळं रक्त सांडलं होतं.

दवाखान्यात वाकोडे डॉक्टर होते. तरणेच, बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी गळ्यातून निघालेला लोखंडाचा तुकडा धुतला आणि तळहातावर ठेवून कडूबाईला दाखवला. "वहिनी, आऱ्याचं पोलाद चापट असतं. हा गोल आहे, आणि याला डोकं आहे. हा खिळा आहे. लाकडात खिळा कुठून आला?" कडूबाईनं दारात उभ्या कस्तुराकडं बघितलं आणि मान हलवली. नवरा तर गेलाच होता. आता पोरही घालवायची का?

इकडं भगताचं चांगलंच फावलं. मी सांगितलंच हुतं, असं तो घरोघर म्हणू लागला. पण एक अडचण होती. बाभळीवरची भुतं आपणच बांधून ठेवलीत असं हाच सांगायचा, मग ती मिस्त्रीला कशी काय लागली, असं उद्या कुणी विचारलं तर? म्हणून त्यानं बायनाबाईचं नाव घेतलं. म्हातारीनं करणी केली, बांधलेलं तिनं मोकळं सोडलं. झालं, एका दिवसात बायनाबाई चेटकीण झाली. पाणवठ्यावर तिची घागर कुणी शिवेना, दारावर धोंडे पडू लागले. व्यंकटरावानं तिला पीठ पोचवणं बंद केलं आणि पारावर सर्वांत मोठ्यानं तोच बोलू लागला.

तोड भगतानं काढली. तिसरं पातं मी बांधतो. आधी वरचा ओंडका कापून माझा मंतर पारखून घ्या. मग बुडख्याचा ओंडका, आणि तो ढकलील बायनाबाई. ती सच्ची असली तर पातं पार जाईल. खोटी असली तर पातं तिचं काय ते बघून घेईल. मन्मथअप्पाला हे पटलं नव्हतं. पण गावाशी वैर घेऊन मशीन चालत नाही, म्हणून तोही खाली मान घालून हो म्हणाला.

तर वरचा ओंडका असा पार गेला, आणि लोकांनी बुडख्याचा ओंडका ट्रॉलीवर चढवला. त्याच्या कापलेल्या तोंडावर काळेनिळे डाग पसरले होते. भगतानं ते बोटानं दाखवले. "काळं रगत. बघून ठेवा." माणसं मागं सरकली.

बायनाबाईला आणलं. ती रडली नाही. ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून ती एवढंच म्हणाली, "ढकलते मी. पर माज्या म्हशीला सांजच्याला कुणीतरी पाणी दावा."

तेवढ्यात वाकोडे डॉक्टर सायकल टाकून गर्दीत घुसले. कुणीतरी दवाखान्यात जाऊन सांगितलं होतं. ते सरळ अप्पाला म्हणाले, तुमच्या मशीनीवर खून होतोय. मग लोकांकडं वळून त्यांनी विचारलं की पाती मोडली ती दोन्ही बुडख्यावरच का मोडली? वरचा ओंडका दोन पुरुष उंचीच्या वरचा. तिथं माणसाचा हात पोचत नाही. हात पोचतो तेवढ्याच खोडात लोखंड आहे, मिस्त्रीच्या गळ्यातून मी खिळा काढलाय. त्यांनी तो तुकडा वर धरून दाखवला.

भगत हसला. "डागदरसाहेब, भूत लोखंड ओकतं. तुमच्या बुकात न्हाई ते."

लोकही हसले. डॉक्टर म्हणाले, मग पाचर मारून ओंडका फोडू, आत काय आहे ते दिसेल, कुणाला इजा नको. अप्पानं घण आणायला सांगितला. भगतानं आवाज चढवला. "फोडा की. जो घाव घालील त्याच्या घरातलं लेकरू पहिलं जाईल." दोन गडी घणापाशी गेले होते, ते तसेच मागं आले. डॉक्टरांनी स्वतः घणाला हात घातला तर चौघांनी त्यांना धरून ठेवलं. त्यांत व्यंकटराव होता.

मशीन पुन्हा सुरू झाली. चाकं घरघरली.

कडूबाई भगताकडं बघत होती. मघाशी वरचा ओंडका जाताना हा माणूस मशीनीच्या खांबाला हात लावून उभा होता, पात्यापासून वावभर, पसरल्या हातांएवढ्या अंतरावर. आता तो हळूहळू मागं सरकत होता. सरकत सरकत तो भुश्याच्या कोठ्याच्या दगडी भिंतीआड जाऊन उभा राहिला, आणि तिथून फक्त त्याचं डोकं दिसत होतं. पातं तर यानंच बांधलं होतं, सात जन्मांसाठी. मग हा कशाला भ्यायलाय?

आणि कडूबाईच्या डोक्यात लख्ख पडलं. त्याला माहीत आहे. पातं मोडणार हे त्याला माहीत आहे, कारण खिळा त्यानंच ठोकलाय. भूत बिथरणार म्हणून तो लपला नव्हता. लोखंड उडणार म्हणून लपला होता.

तिनं कस्तुराला छातीशी धरलं. तोंड उघडायचं म्हणजे पोरीच्या गळ्यावर सुरी ठेवायची, हे चार वर्षं तिच्या हाडात मुरलेलं होतं. समोर बायनाबाईनं दांड्यावर जोर दिला, ट्रॉलीची चाकं हलली. कडूबाई उठली आणि पोरीला घेऊन रुळावर, पात्याच्या आणि ओंडक्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"अप्पा, मशीन बंद करा. त्या खोडात माजा खिळा हाय. माज्या कस्तुराच्या आकडीचा. ह्या भगतानंच ठोकलाय."

अप्पानं बटण दाबलं. चाकं फिरत फिरत थांबली.

भिंतीआडून भगत म्हणाला, "बोललीस. आता लेकरू तुझं न्हाई."

सगळ्यांचे डोळे कस्तुरावर. कडूबाईचेही. ती पोरीचे डोळे बघत होती, बोटं चाचपत होती, केव्हा वाकडी होतात म्हणून. ते क्षण तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. एवढी माणसं आपल्याकडं बघतायत म्हणून पोर बावरली, तिनं आईच्या खांद्यात तोंड लपवलं, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, आई, भूक लागली.

मग गर्दीतून पार्वतीबाईचा आवाज आला. सावकाराच्या घरची सून, कधी उंबऱ्याबाहेर न बोललेली. "माजाबी हाय एक. सासूच्या अंगात यायचं म्हणून." तिच्या मागून आणखी एक म्हणाली, माझाही. मग एक म्हातारा. मग अप्पाच्या घराच्या पायरीवरून भागम्मा, खुद्द अप्पाची बायको, पदर तोंडावर धरून म्हणाली, "आमचाबी हाय. दोन लेकरं दगावली तवाचा."

अप्पानं बायकोकडं बघितलं. जिच्या घरात मशीन, जिच्या नवऱ्याची पाती मोडत होती, ती रोज हे बघत होती आणि गप्प होती. प्रत्येकाला वाटत होतं, खिळा आपला एकट्याचाच. प्रत्येकाला तोंड शिवायला लावलं होतं, म्हणून चंद्रभान भगताची दुकानदारी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती.

डॉक्टरांना धरलेले हात आपसूक सुटले. पहिला घाव अप्पानं घातला. पाचरी आत गेल्या, ओंडका करकरला आणि मधोमध उकलला. आत खिळेच खिळे. बाजारातले नवे, लोहाराकडचे जुने चौकोनी, बैलाच्या नालेचे, एक तर गाडीचा बोल्ट. गुडघ्यापासून वर केलेल्या हातापर्यंत जेवढं खोड, तेवढ्यातच सगळे. जुने खोल, नवे वरवर, कारण झाड दर साली अंगावर नवा थर चढवतं आणि पोटातलं लोखंड झाकून टाकतं. दोन जागी आऱ्याच्या दातांचे ओरखडे होते. एका जागी खिळ्याचं डोकं उडालेलं होतं.

काळ्या रक्ताचा हिशेबही तिथंच लागला. डॉक्टरांनी बाभळीचा भुसा पाण्यात भिजवला आणि त्यात एक गंजका खिळा टाकला. बघता बघता पाणी शाईसारखं काळं पडलं. बाभळीत तुरट रस असतो, लोखंडाशी तो असाच काळा होतो, विळीवर आवळा चिरलात की होतो तसा. बायांनी माना हलवल्या. आवळा कुणी चिरला नव्हता? पण विळीला कुणी हात जोडले नव्हते.

भगत पळाला नाही. पळाला असता तर निदान लाज आहे असं तरी वाटलं असतं. तो कवड्या सावरत म्हणाला, "मी कुणाला बोलवायला गेल्तो का? तुमीच यायला लागलाव रडत." आणि यातलं दुसरं वाक्य खोटं नव्हतं. पोलिसात कागद झाला, तो चार दिवस आत राहिला आणि सुटला. आता जिंतूरकडच्या एका वाडीत त्यानं नवीन झाड धरलंय म्हणतात.

बायनाबाईची क्षमा कुणी मागितली नाही. व्यंकटराव दुसऱ्या दिवशी पीठ घेऊन गेला, तिनं दार लावून घेतलं. तिच्या म्हशीला पाणी दाखवायला त्या सांजेला कुणी गेलं नव्हतं, हेही सांगायलाच हवं.

पुढं पावसाळ्यात कस्तुराला सणकून ताप आला. कडूबाई धावत दवाखान्यात गेली, पोरीचं अंग ओल्या फडक्यानं पुसत राहिली. ताप उतरला, आकडी आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं की लहान लेकरांची तापातली आकडी पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेक थांबतेच, खिळा ठोका नाहीतर नका ठोकू. कडूबाईनं ते ऐकलं, आणि पोर वाचल्याच्या आनंदातच ती हंबरडा फोडून रडली. म्हणजे तो खिळा ठोकायची गरजच नव्हती. ते गप्प बसणंही फुकट होतं. त्या गप्प बसण्याची किंमत तेवढी खरी होती, ती किशनरावानं दिली होती.

माणसाला दुखणं येतं, आणि दुखण्यात तो कुणाच्याही पाया पडतो. त्याला हसू नये. पण एक गोष्ट कुणालाही करता येते, तिला शिक्षण लागत नाही. औषध देऊन वर जो म्हणतो की याबद्दल कुणाशी बोलू नको, त्याला तिथंच चारचौघांत उभं करा आणि विचारा, का बोलू नको? खरं औषध सांगितल्यानं उतरत नाही. बोलल्यानं जे उतरतं ते औषध नव्हतंच.

अप्पाच्या आरामशीनीवर अजूनही कुणी झाड विकायला आणलं की आधी त्या गावच्या बायांना बोलावणं जातं, आणि विचारायला कडूबाई बसते. सुरुवातीला बाया खाली बघतात, पदराचं टोक चावतात. पोराचं नाव मनात येतं, ते दिसतं त्यांच्या तोंडावर. कडूबाई घाई करत नाही. तिचं म्हणणं सगळ्यांना एकच असतं.

"बोला माय. बोलल्यानं कुणाचं लेकरू मरत न्हाई. मी बोलले न्हाई, तर माजा मालक मेला."